जुन्या जीपला दुसरे इंजिन बसवताना

मराठवाड्यातल्या अनेक गावांत, आखाड्यावरच्या शेडमध्ये किंवा वाड्याच्या आडोशाला, एखादी जुनी महिंद्रा जीप अजून उभी असते. कुठे ती उंच बॉनेटची सीजे-३बी असते, कुठे एमएम ५४०, तर कुठे एकेकाळी काळी-पिवळी म्हणून माणसे वाहिलेली कमांडर असते. चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) शाबूत असते, कागदपत्रे घरच्या ट्रंकेत असतात आणि इंजिन मात्र धूर ओकत असते किंवा कायमचे बंद पडलेले असते. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारा मालक पहिला प्रश्न विचारतो तो कोणते इंजिन बसवावे हा. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. गाडी कशासाठी वापरायची, कायदा काय करू देतो आणि गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल (चाकांना जोडणारे आडवे दांडे) किती ताकद पेलू शकतात, ही तीन उत्तरे हातात आली की इंजिनाची निवड जवळजवळ आपोआप होते.

कायद्यापासून सुरुवात करणे आवश्यक आहे, कारण काम पूर्ण झाल्यावर कागदांचा विचार करणाऱ्या मालकाची गाडी बहुधा शेडमध्येच राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, कायद्याला मान्य नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी सुरक्षित मार्ग एकच आहे: त्याच जातीचे व त्याच इंधनाचे इंजिन निवडावे, आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाकडून काम सुरू होण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत तो प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. त्यापेक्षा मोठा बदल करायचा असेल, तर ती गाडी केवळ स्वतःच्या शिवारात किंवा खासगी बंदिस्त ट्रॅकवर वापरण्यासाठी आहे असे गृहीत धरूनच पुढे जावे.

इंजिन जुन्या बाजारातून घ्यायचे असेल, तर त्याच्यावर कोरलेला क्रमांक, विक्रेत्याचे पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते उतरवले त्या गाडीची कागदपत्रे ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. क्रमांक घासलेले इंजिन कितीही स्वस्त मिळत असले तरी त्याला हात लावू नये. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेले वाहन त्यात बसत नाही. घरात १९७५ पूर्वीची सीजे-३बी असेल आणि तिचे मूळ पेट्रोल इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल, तर माझा आग्रह ते इंजिन उतरवू नये असाच राहील. तशी जीप पुन्हा कोणी बनवणार नाही.

जुने इंजिन वाचवता येते का?

एमएम ५४० सारख्या जीपमध्ये आढळणारे प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन २,११२ घनसेंटिमीटरचे आहे. नावातला ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो आणि ९० हा मिलिमीटरमधला बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. त्याची ताकद सुमारे ६२ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे १२० न्यूटन-मीटर आहे. आजच्या मानाने हे आकडे लहान वाटतात. पण त्याचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) काढता-घालता येणारे आहेत, त्यामुळे लायनर-पिस्टनचा संच, क्रँकचे ग्राइंडिंग, नवी बेअरिंगे आणि पंप-नोझलचे कॅलिब्रेशन एवढ्यावर ते पुन्हा उभे राहू शकते. गाडी शेतात जाण्यासाठी, बाजारच्या दिवशी तालुक्याला जाण्यासाठी आणि पावसाळ्यात पाणंद रस्त्याने ये-जा करण्यासाठी हवी असेल, तर हाच मार्ग कमी खर्चाचा आणि कागदोपत्री निर्वेध आहे. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे भाग) चारही चालू आहेत का हे मात्र आधी पाहावे. थंडीत सकाळी चालू न होणारे इंजिन ‘संपले’ म्हणून सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात त्याचे दोन ग्लो प्लग जळालेले असतात.

दुसरा पर्याय महिंद्राच्याच एमडीआय कुळातल्या २,५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा आहे. इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातले हे इंजिन बोलेरोत टर्बोसह (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यासह) वर्षानुवर्षे चालले आणि २०१० मध्ये आलेल्या थारच्या डीआय आवृत्तीतही होते. टर्बोसह ६३ अश्वशक्ती म्हणजे अश्वशक्तीत फारशी भर नाही. टॉर्क मात्र १८० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो आणि तोही कमी फेऱ्यांवर मिळतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीसाठी हाच गुण मोलाचा आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर शिवारातून जाताना ही माती टायरच्या खाचांत इतकी गच्च बसते की खाचा दिसेनाशा होतात. मग मडगार्डच्या आत गोळे साचतात आणि चाकच जड होते. अशा वेळी इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत (आवरणापर्यंत) रुतून बसते. लो गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करून, संथपणे ओढणारे इंजिन त्यातून बाहेर काढते. शिवाय या इंजिनाचा पंप यांत्रिक आहे, त्याला संगणक लागत नाही, आणि त्याचे काम येणारे मिस्त्री परळीपासून किनवटपर्यंत सापडतात. गावात वापरायच्या गाडीसाठी मी निःसंकोच याच इंजिनाची शिफारस करतो.

तिसरा पर्याय कॉमन रेलचा, म्हणजे एका सामाईक नळीतून (रेलमधून) उच्च दाबाचे डिझेल सगळ्या सिलिंडरांना देणाऱ्या इंजिनाचा. थार सीआरडीईचे २,४९८ घनसेंटिमीटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर देते. स्कॉर्पिओचे २,१७९ घनसेंटिमीटरचे एमहॉक त्याहून पुढे जाते. लातूरहून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला हमरस्त्याने जाणाऱ्याला यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र या इंजिनाबरोबर संगणक, संपूर्ण वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर पेडल, क्रँक व कॅम सेन्सर, रेल-दाबाचा सेन्सर आणि चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची जुळलेली किल्ली हे सगळे एकाच गाडीतून आले पाहिजे. इंजिन एका दुकानातून, संगणक दुसऱ्या दुकानातून आणि हार्नेस तिसरीकडून गोळा केल्यास गाडी महिनोन्महिने चालू होत नाही. या इंजिनाच्या रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो, त्यामुळे गंजलेली जुनी टाकी, कॅनमध्ये साठवलेले डिझेल आणि पाण्याचा अंश त्याला सहन होत नाही. नवी किंवा आतून पूर्ण साफ केलेली टाकी, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि टाकीपर्यंत जाणारी स्वतंत्र परतीची नळी यांना पर्याय नाही.

ताकदीचे गणित

इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचताना किती पटीने वाढते, याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. सीजे-३बीच्या तीन गिअरांच्या टी-९० बॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८ आहे, ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे २.४६ आणि अ‍ॅक्सलचे ५.३८. या तिघांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. १२० न्यूटन-मीटरच्या इंजिनाने अ‍ॅक्सलवर साधारण ४,४०० न्यूटन-मीटर पोहोचतात, तर २४७ च्या इंजिनाने ९,१०० हून अधिक. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर बनलेल्या क्रॉस (शाफ्टचे सांधे), हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) आणि टेलपिनियनवर (अ‍ॅक्सलमधल्या लहान दातेरी चाकावर) दुपटीहून अधिक भार येतो. चाक चिखलात फिरत असताना तो भार जाणवत नाही, पण फिरते चाक अचानक खडकावर पकड घेते त्या क्षणी सर्वांत कमकुवत भाग तुटतो. त्यामुळे कॉमन रेल इंजिन घ्यायचे असल्यास त्याच गाडीचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि शक्य असल्यास दोन्ही अ‍ॅक्सलही घ्यावेत.

वेगाचा हिशेबही असाच करावा. सुमारे ७२ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ५९० फेऱ्या मारते. ५.३८ च्या अ‍ॅक्सलवर आणि थेट टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या ३,१५० च्या पुढे जातात. डिझेल इंजिनाला तासन्तास या फेऱ्यांवर ठेवणे योग्य नाही. ४.२७ चे क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बसवले तर त्याच वेगाला फेऱ्या २,५०० वर येतात आणि लो रेंज शाबूत असल्याने चिखलातही फार काही गमवावे लागत नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर सारखेच असले पाहिजे, अन्यथा फोर-व्हीलमध्ये टाकताच ट्रान्सफर केस स्वतःशीच झगडेल.

जागेवर बसवणे

इंजिन विकत घेण्यापूर्वी त्याचा सम्प (तळाची तेलाची टाकी) पुढे आहे की मागे हे पाहावे. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल इंजिनाच्या खालून जातो, आणि खड्ड्यात पाटे (स्प्रिंगा) पूर्ण दबल्यावर हाउसिंग सम्पला धडकले तर तेल गळून इंजिन जागीच बसते. त्यासाठी वेल्डिंग करण्याआधी इंजिन-गिअरबॉक्स साखळीवर लटकवून जागेवर धरावे, जॅकने अ‍ॅक्सल बम्प स्टॉपला (चॅसीखालच्या रबरी अडथळ्याला) टेकेपर्यंत उचलावा आणि सम्प व हाउसिंग यांच्यात किमान २५ मिलिमीटर अंतर राहते का ते मोजावे. पंखा आणि रेडिएटर, टर्बो आणि स्टिअरिंग कॉलम, सायलेन्सरचा पाइप आणि ब्रेकची नळी यांच्यातली अंतरेही याच वेळी तपासावीत. जुन्या जीपचे डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचा दातेरी चाकांचा गोळा) गाडीच्या मध्यावर नसून एका बाजूला असते. त्यामुळे नव्या ट्रान्सफर केसच्या शाफ्टची टोके कोणत्या बाजूला निघतात, हे दुकानातच पाहून घ्यावे. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असतो. केस बदलली की तोही जातो, आणि दुसरी सोय केली नाही तर गाडी उतारावर दगड लावून उभी करावी लागते.

मूळ गिअरबॉक्सला परके इंजिन जोडायचे असेल, तर अडॅप्टर प्लेट (दोघांना जोडणारी धातूची प्लेट) लागते. इथे घाई करू नये. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी प्लेट अचूक कापून देणारी यंत्रे आहेत, त्यामुळे गावच्या लेथवर अंदाजाने भोके पाडण्याचे कारण नाही. प्लेट आणि बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचे आवरण) बसवल्यावर क्लच न लावता डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणाचा) चुंबकी पाया फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर) चिकटवावा, गेजची सुई बेल हाऊसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवावी आणि क्रँक पान्याने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवावा. सुईची एकूण हालचाल ०.१३ मिलिमीटरच्या आत राहिली तर मध्य बरोबर जुळला आहे. ती ०.२५ च्या पुढे गेली, तर प्लेट सैल करून पिना पुन्हा बसवाव्यात. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते टाळले तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट दर फेरीला किंचित वाकत राहतो, आधी पायलट बेअरिंग (शाफ्टचे टोक पेलणारे) आणि नंतर क्लच प्लेटचा हब जातो, आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट इंजिनाची घ्यावी, क्लच प्लेट मात्र गिअरबॉक्सच्या स्प्लाइनशी (शाफ्टवरच्या खाचांशी) जुळणारी असावी.

इंजिनाच्या ब्रॅकेटांना चॅसीवर आतून पट्टी देऊन वेल्डिंग करावे. उभ्या एका रेषेत मारलेले वेल्डिंग तिथूनच चिरते. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचे टर्मिनल आणि संगणकाचा प्लग काढून ठेवावा. इंजिन मागे किंचित झुकते ठेवतात. त्याचा अक्ष आणि मागच्या पिनियनचा अक्ष समांतर असावेत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याच्या) दोन्ही क्रॉसवरचे कोन एकमेकांच्या १ अंशाच्या आत राहतात आणि वेगात गाडी थरथरत नाही.

उष्णता आणि धूळ

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पुण्याच्या हवेत नीट चालणारी कूलिंग व्यवस्था इथे पुरी पडत नाही. रेडिएटर इंजिनाच्या मूळ गाडीचा किंवा त्याहून मोठा असावा, पंख्याभोवती शराऊड (हवा रेडिएटरमधूनच खेचली जावी म्हणून लावलेले आवरण) असलाच पाहिजे, आणि इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) रेडिएटरच्या पुढे लावल्यास दोन्हींमधून हवा जाईल एवढी मोकळीक ठेवावी. कॅप योग्य दाबाची असावी, कारण ०.९ बारच्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि घरातल्या हिटरच्या कॉइलवर बसतो तसाच पांढरा थर ते नळ्यांच्या आत बसवते. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे वापरावे. गाडी तापली की थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकण्याची रूढी सर्वत्र आहे, ती सोडून द्यावी. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हिवाळ्यात तापमानाला पोहोचतच नाही, सिलिंडर लवकर झिजतात, आणि संगणक असलेले इंजिन थंडच आहे असे समजून जास्त डिझेल ओढत राहते.

एअर फिल्टरची हवा बॉनेटच्या आतून न घेता उंचावरून घ्यावी. सायलेन्सर आणि टर्बोचा पाइप जमिनीपासून वर आणि झाकलेला असावा, कारण ज्वारी काढल्यानंतरच्या वाळलेल्या धसकटांत तापलेली गाडी उभी केल्यास आग लागू शकते. तुराटी-पऱ्हाटीच्या खुंटांनी टायरची बाजू फाटते, म्हणून रुंदीपेक्षा मजबूत साइडवॉल पाहून टायर घ्यावेत.

इंजिनाआधी ब्रेक आणि स्टिअरिंग

हा भाग मी मुद्दाम ठासून सांगतो. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम आणि बहुधा एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) असतो; एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला टेकते. इंजिनाचा एक बोल्टही सैल करण्यापूर्वी दोन सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा) आणि पुढे डिस्क ब्रेक ही कामे पूर्ण करावीत. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, त्यामुळे बूस्टरसाठी अल्टरनेटरवर किंवा इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप आहे की नाही ते इंजिन घेतानाच पाहावे.

स्टिअरिंगमध्ये आधी किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ), टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे) एंड आणि पाट्यांचे बुश बदलावेत. बहुतेक गाड्यांचे डुलणे तेवढ्यानेच थांबते. पॉवर स्टिअरिंग बसवायचे झाल्यास त्याचा बॉक्स जिथे लागतो तिथे चॅसीला आतून प्लेट द्यावी आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) शक्य तेवढी टाय रॉडला समांतर ठेवावी, म्हणजे खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून वळत नाही. गाडी फार उंच करण्याच्या नादी लागू नये. दोन-अडीच इंचांपलीकडे प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडू लागतात आणि गाडी उलटण्याचा धोका वाढतो. रोल बार बसवला तर त्याचे पाय पत्र्याच्या टबवर (बॉडीच्या तळावर) न ठेवता चॅसीपर्यंत न्यावेत, आणि तीन टोकांच्या सीट बेल्टची हुकेही त्याच आधाराला असावीत.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. जुनी वायरिंग जोडत न बसता नवी घालावी, प्रत्येक मोठ्या भाराला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा, आणि इंजिन, चॅसी व बॅटरी यांच्यामध्ये जाड अर्थिंगची पट्टी लावावी. कॉमन रेल इंजिनाच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या पट्टीत सापडते.

पहिले हजार किलोमीटर

गाडी प्रथम रिकामी आणि गावाच्या आसपासच चालवावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन व गिअरबॉक्सच्या माउंटचे, प्रोपेलर शाफ्टचे आणि स्टिअरिंग बॉक्सचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. रंगाची रेघ मारून ठेवली तर सैल झालेला बोल्ट नजरेने दिसतो. पाचशे किलोमीटरला तेल बदलावे आणि काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात चुंबक फिरवावा. बारीक काळसर लेप आला तर काळजी नसावी, पण चमकदार कणी आली तर गाडी तिथेच थांबवावी. त्यानंतर भर दुपारी, पूर्ण भार घेऊन, मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट एकदा चढावा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. काटा चढावर थोडा वर जाऊन सपाटीला पाच मिनिटांत जागेवर येत असेल, तर रेडिएटर पुरेसा आहे. तो सपाटीलाही वरच राहिला, तर आधी शराऊड आणि पंख्याची दिशा तपासावी, आणि ती दोन्ही ठीक असतील तरच मोठ्या रेडिएटरचा खर्च करावा. घाट उतरताना ब्रेकची परीक्षा घ्यावी आणि खाली पोहोचल्यावर चारही हबांना लांबूनच हात धरून पाहावा. एकच हब इतरांपेक्षा खूप तापलेला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटत आहे असे समजून परतीचा प्रवास सुरू करण्यापूर्वी तो मोकळा करून घ्यावा.